जलविभाजक

सव्वीस वर्षं फळ्यावर काढला हा डोंगर.
खडूची एक छपरासारखी रेघ,
दोन्ही उतारांवर निळे बाण,
डावीकडचे तापीला, उजवीकडचे गोदावरीला.
दोन गुणांना येतं, म्हणायचे मी,
आणि यायचंही, एक वर्षाआड.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या मे महिन्यात
पहाटे पाचला तांड्यावर गेले.
झुंबरी राठोड चुलीपुढून उठली.
भूगोलात नापास, आठवीनंतर शेळ्या.
"उन्हाळ्यात काहून, बाई? पावसाळ्यात या की, हिरवं राहतं."
मी म्हटलं, हिरव्यात उतार दिसत नाही.
तिनं माझ्या नव्या बुटांकडं पाहिलं,
काही बोलली नाही,
ओल्या फडक्यात दोन बाटल्या गुंडाळल्या.

पहिला टप्पा सोपा. धावडा, सालई,
पानांशिवाय ओळखायला अवघड झाडं,
तिला मात्र सालीवरून येत होती.
सलवारीत कुसळं.
एका वळणावर बहावा,
इतका पिवळा की खाली उभं राहायला संकोच वाटावा.
झुंबरीनं त्याच्या सावलीत नाक शिंकरलं
आणि चालू लागली.

नऊ वाजता खडक तापले.
हात टेकावा तर दगडच हात झटकत होता.
माझ्या श्वासाला आता आवाज होता,
मला तो दुसऱ्या कुणाचा वाटत होता.
ती वीस पावलं पुढं जाई, थांबे,
मी पोचले की म्हणे, "मीच दमले, बाई."
चार वेळा म्हणाली.
चारही वेळा मी विश्वास ठेवला.

मग टेंभुर्णीची फळं, चिकट, गोड,
बिया लांब थुंकायच्या कशा तेही दाखवलं.
"हे होतं का पुस्तकात?"
नव्हतं.

माथा आला तो कळलाच नाही.
मी टोक शोधत होते, फळ्यावरचं.
इथं तर सपाट, करपलेलं गवत,
दगडांचा ढीग, वरच्या दगडाला शेंदूर,
आणि अचानक जमीन संपली.
खाली खानदेश,
कुणी धुऊन न झटकता वाळत घातलेला,
धुरळ्यात पांढुरका.
मागं कन्नड: पाण्याच्या टाकीचा ठिपका,
शाळेचे असावेत असे काही पत्रे,
आणि शिवना,
म्हणजे वाळूची एक वाट.

"झुंबरे, इथं पाणी ठरवतं कुठं जायचं ते."
मी वर्गातल्या आवाजात सुरू केलं,
थेंबाचं, बाणांचं, दोन समुद्रांचं.
तिनं बुक्कीनं कांदा फोडला.
"इथंच?"
"इथंच. या रेघेवर."
"मी दुपारच्या शेळ्या बसवते इथं.
निम्म्या इकडं मुततात, निम्म्या तिकडं."
भाकरी मोडता मोडता थांबली.
"मंग ते दोन गुण माझेबी होते की."

मी हसले. ती नाही हसली.

वारा तापलेला, तरी वारा होता.
बाटलीच्या तळाशी घोटभर पाणी.
वाटलं, ओतून बघावं नेमकं रेघेवर,
सव्वीस वर्षांत एकदा.
बूच काढलंही होतं.
"प्या," झुंबरी म्हणाली, "उतरायचंय अजून."
प्याले. कोमट, फडक्याच्या वासाचं.

तेवढ्यात कपाळावरून एक थेंब सुटला,
नाकाच्या शेंड्यावर रेंगाळला
आणि पडला दगडावर.
आम्ही दोघी वाकलो.
तो कुठंच गेला नाही.
काळा ठिपका, मग राखाडी, मग दगड.

"गेला ना, बाई, वर," ती म्हणाली.
या उताराचा बाण मी कधी काढला नव्हता.

ओहोळाच्या कोरड्या पात्रातून उतरलो.
गोटे सुटत होते पायाखालून,
गुडघे माझे राहिले नव्हते.
आता ती वीस पावलं पुढं जात नव्हती,
हाताच्या अंतरावर, पाठमोरी.
"अशी समोर काहून चालतेस?"
वळलीही नाही.
"पडल्या तं माझ्यावर पडा."